मळणीत दाजींचा हात गेला, आता शेती कशी करावी? (आणि मशीनला काय करावं?)

बालाघाटचा_वारा

राम राम मंडळी. मी इथं जास्त करून वाचायलाच असतो, पण यावेळी विचारल्याशिवाय भागणार नाही, आणि जरा लांबण लागेल त्याला इलाज नाही.

माझे दाजी, लातूर जिल्हा, पाच एकर रान, एक विहीर. गेल्या सोयाबीनला रास चालू असताना उजवा हात हडंब्यात (मळणी यंत्रात) गेला. आभाळ भरून आलेलं, काड दमट, घास अडकला म्हणून हातानं रेटला, आणि हातात ते विणलेले हातमोजे होते (काड टोचतं म्हणून घालतात सगळे), तर मशीननं आधी मोजा धरला आणि मग हात. बंद करायचं तर ट्रॅक्टरवर जाऊन पीटीओ (ट्रॅक्टरमागचा, मशीन फिरवणारा दांडा) तोडावा लागतो आणि ट्रॅक्टरवाला तेव्हा बांधावर पाणी पीत होता. असो. जखम भरलीय, कोपराच्या खाली वीतभर हात शिल्लक आहे.

आता घरात दोन पार्ट्या झाल्यात. म्हातारे म्हणतात रान बटईनं देऊन टाका, नस्ता ताप नको. दाजी म्हणतात मी करणार, डावा हात आहे की. ताई मधल्या मधे. मला विचाराल तर दाजींचं बरोबर वाटतंय, कारण एकदा बटईला गेलेलं रान आणि घरात बसलेला माणूस दोन्ही परत उठवायला लई जड जातं. पण नुसतं "तुम्ही करा हो" म्हणून चालत नाही ना, ट्रॅक्टर कसा चालवायचा, फवारणी, खुरपणी, रात्री पिकाला पाणी देताना दारं धरायला कोण जाणार, कृत्रिम हात शेतात टिकतो का, हे कुणी प्रत्यक्ष केलंय का? केलं असेल तर लिहा. सहानुभूती खूप मिळालीय आम्हाला, ती राहू द्या.

मांजराकाठ

वाईट वाटलं राव. (सॉरी, सहानुभूती नको म्हणालात.)

कागदाचं काम झालंय का पहिलं? गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना. एक हात, एक पाय किंवा एक डोळा कायमचा निकामी झाला तर १ लाख, दोन अवयव गेले किंवा मृत्यू झाला तर २ लाख. पूर्वी ही विमा योजना होती, कंपन्या त्रुटी काढत बसायच्या, २०२३ पासून सरकार थेट देतं. वय १० ते ७५. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, अपघातापासून ३० दिवसांत, आणि इथंच निम्मे लोक मार खातात कारण तो महिना तर दवाखान्यातच जातो. म्हणून घरातल्या दुसऱ्या कुणीतरी धावपळ करायची. पंचनामा, सातबारा, दवाखान्याचे कागद, सगळ्याच्या झेरॉक्स. खातेदाराच्या घरातल्या एका माणसालाही लागू आहे, नवरा-बायको, आईवडील, मुलगा किंवा लग्न न झालेली मुलगी.

बालाघाटचा_वारा

@मांजराकाठ, ते झालं, आमच्या सरपंचांनी तिसऱ्याच दिवशी कागदं गोळा करायला लावली. आलेले पैसे दवाखान्यातच गेले, पण आले.

गॅरेजवाला_आण्णा

ट्रॅक्टरचं मी सांगतो. फॅब्रिकेशनचं दुकान आहे माझं, निफाड साईडला. एका हाताच्या दोन गिऱ्हाइकांचं काम केलंय.

स्टिअरिंगला गोल फिरणारा नॉब लावून घ्या, बाजारात तयार मिळतो, डाव्या हातानं पूर्ण फिरवता येतं. पावर स्टिअरिंगचा ट्रॅक्टर असेल तर सोन्याहून पिवळं, नसेल तर रोटर लावून वळवताना खांद्याची वाट लागते. खरी अडचण स्टिअरिंगची नाहीच. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरला हायड्रॉलिकचे दांडे सीटच्या उजव्या बाजूला असतात. उजवा हात नाही म्हटल्यावर माणूस काय करतो, स्टिअरिंग सोडून डावा हात मांडीवरून पलीकडं नेतो आणि तेवढ्यात ट्रॅक्टर बांधावर. मी त्या दांड्याला पट्टीचं एक्स्टेन्शन वेल्ड करून वर घेतलं आणि टोकाला यू आकाराचा चाप केला, उरलेल्या हाताचं टोक त्यात बसतं, खाली दाबलं की नांगर खाली, वर उचललं की वर. चापाला आतून जुन्या ट्यूबचं रबर लावायचं, नाहीतर कातडी सोलते. हँड थ्रॉटल पण उजवीकडं असतो, पण तो एकदा सेट केला की सारखा लागत नाही, त्याचं एवढं काही नाही.

अवजार जोडणं मात्र एकट्यानं करू नका म्हणावं. टॉप लिंकची पिन एका हातानं बसवायला जातो माणूस, आणि गडबडीत दुसऱ्याला सांगतो "जरा मागं घे", तिथं माणसं चेंबलीत.

साधा_माणूस

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. मशीनचा काही दोष नसतो हो, माणसाला घाई नडते. आमच्याकडे तीस वर्षं मळणी चालू आहे, एकाचंही बोट गेलेलं नाही. लक्ष ठेवून काम केलं तर काही होत नाही. उगीच मशीनवाल्यांच्या नावानं खडे फोडण्यात अर्थ नाही.

मांजराकाठ

@साधा_माणूस, घाई का होते तेही सांगा की मग. मशीनवाला पैसे घेतो कट्ट्यामागं, त्याला रात्रीतून तीन रानं उरकायचीत. शेतकऱ्याला पावसाची भीती. मजुरांनी रास उक्ती घेतलेली, म्हणजे जितकं लवकर तितकं बरं. तिघांनाही घाई असायची सोयच करून ठेवलीय आणि वर म्हणायचं घाई नडली. रात्री अकराला हॅलोजनच्या उजेडात, धुरळ्यात, सकाळपासून उभा असलेला माणूस "लक्ष ठेवून" किती ठेवणार?

गॅरेजवाला_आण्णा

+१. आणि दोष असतो मशीनचा, मी बनवतो म्हणून सांगतो. थ्रेशरसाठी देशात १९८३ पासून वेगळा कायदा आहे, धोकादायक यंत्रं नियमन कायदा. मानकाप्रमाणे घास घालायचं तोंड म्हणजे ती पन्हाळ किमान ९० सेंटिमीटर लांब पाहिजे आणि ड्रमकडचा ४५ सेंटिमीटर भाग वरून झाकलेला पाहिजे. हिशोब साधा आहे, माणसानं हात पूर्ण लांब केला तरी बोटं ड्रमपर्यंत पोचू नयेत. आता तुमच्या गावातली मशीनं बघून या. पन्हाळ आखूड, नाहीतर झाकण काढून ठेवलेलं, कारण झाकणामुळं घास हळू जातो म्हणे. गिऱ्हाईकच मला सांगतं "आण्णा ते वरचं पत्र्याचं कापून टाका".

दुसरं पीटीओ शाफ्ट. ५४० आरपीएम म्हणजे सेकंदाला नऊ वेढे. पदर नाहीतर ओढणी जॉइंटला लागली तर सेकंदाला दोनेक मीटर कापड आत जातं, ओरडायला पण वेळ मिळत नाही. शाफ्टवर प्लास्टिकचं कव्हर येतं नवीन असताना, ते पहिल्या सीझनला तुटतं आणि परत कुणी बसवत नाही. ट्रॅक्टरच्या किमतीपुढं ते कव्हर किस झाड की पत्ती, पण नाही.

साधा_माणूस

मी आमच्या गावचं सांगितलं. पन्हाळीचं मला माहीत नव्हतं, बघतो.

हाडांचा_डॉक्टर

धागा आज पाहिला. जिल्ह्याच्या ठिकाणी प्रॅक्टिस आहे, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आमच्याकडे असे हात आठवड्याला येतात, म्हणून दोनतीन गोष्टी लिहून ठेवतो.

अडकलेला हात ओढून काढू नका आणि मशीन उलटं फिरवूनही नका, जितकं चिरडलंय त्याच्या दुप्पट होतं. ट्रॅक्टर बंद, मग पाने घेऊन मशीन खोला. रक्तस्रावावर स्वच्छ कापडाचा घट्ट दाब, हात वर. हळद, चहापावडर, ऑइल काहीही लावू नका, ते धुण्यात आमचा अर्धा तास जातो. बोट किंवा पंजा वेगळा झाला असेल तर तो सोबत आणा. ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड बांधून, आणि ती पिशवी बर्फावर. थेट बर्फात टाकलेलं बोट निकामी होतं, आणि लोक नेमकं तेच करतात, तेही आइस्क्रीमच्या डब्यात. सुबक कापलेलं असेल (कडबाकुट्टीत कधी कधी असतं) तर काही तासांत मोठ्या शहरात पोचल्यास जोडण्याची शक्यता असते. थ्रेशरमध्ये चिरडलेलं बहुधा जोडता येत नाही, हे स्पष्ट सांगतो.

तुमच्या दाजींबद्दल. कोपराखाली वीतभर हात आहे हे फार चांगलं आहे. शिबिरात जो गोरा-गोमटा प्लास्टिकचा पंजा देतात तो लग्नात घालायला. शेतात आकड्याचा हात लागतो, खांद्याच्या पट्ट्यानं उघडमीट होणारा. दावं, बादलीची कडी, खुरप्याची मूठ धरता येते. रोटरीवाले एलएन-४ नावाचा हात मोफत बसवतात तोही कोपराखाली पुरेसा भाग असेल तरच बसतो, हलकी कामं होतात. मोजमाप घेणाऱ्याला "मी शेतकरी आहे" हे पहिल्या वाक्यात सांगा.

आणि एक. नसलेल्या बोटांत मुंग्या येणं, आग होणं, मूठ आवळल्यासारखी वाटणं असं होत असेल तर ते वेड नाही, खरं दुखणं आहे, त्याला औषध आहे, आरशासमोरचे व्यायाम आहेत. पुरुष माणसं हे घरात सांगत नाहीत. विचारा त्यांना.

बालाघाटचा_वारा

डॉक्टरसाहेब, आज विचारलं. आधी "काही नाही" म्हणाले, मग म्हणाले रात्री अंगठा वळतो. ताईला सुद्धा माहीत नव्हतं. बरं झालं लिहिलंत.

माणदेशी_बाई

मी पण लिहू का जरा. माझा डावा पाय लहानपणापासून पोलिओचा, कॅलिपर घालते. दीड एकर आहे, शेळ्या, भाजीपाल्याची रोपं करून विकते.

तुम्ही सगळे ट्रॅक्टरवर बोलताय, आमच्या वाट्याला खुरपणी येते. खुरपणीला उकिडवं बसता येत नाही मला, तर मी फळीला चार छोटी चाकं लावून घेतलीत, सरीतून बसून सरकत जाते. काळ्या रानात ओल असली की चाकं रुततात हे खरं, तेव्हा सायकल कोळपं, पण ते उभ्यानं ढकलायचं म्हणून थोडंच. रोपांचे ट्रे मी कमरेइतक्या उंच मांडवावर ठेवते, स्टुलावर बसून सगळं होतं. शेळ्यांचा गोठा पण उंचावर केलाय, फळ्यांचा, लेंड्या खाली पडतात, वाकून झाडायचं काम गेलं. याला फार पैसे लागले नाहीत, सुतार ओळखीचा होता.

ग्रामपंचायतीचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो हे माहीत आहे का सगळ्यांना? स्वतःच्या उत्पन्नातला. आमच्याकडं दर वर्षी काय देणार, तर पिठाची गिरणी नाहीतर शिलाई मशीन. मी ग्रामसभेत उभी राहून म्हणाले मला शिवता येत नाही, मी शेती करते, मला बॅटरीचा फवारणी पंप आणि चाकाची गाडी द्या. सगळे हसले. दुसऱ्या वर्षी दिला पण पंप. दिव्यांग म्हटलं की शिलाई मशीन हे डोक्यातच बसलंय यांच्या, माणूस आधी शेतकरी आहे हे दिसतच नाही.

आणि सातबारा माझ्या नावावर नाही, भावाच्या नावावर आहे. मला उद्या साप चावला तर वर लिहिलेली ती अपघात योजना मला नाही, कारण त्या घरच्या यादीत बहीण नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात शेतजमीन वाटपात ५ टक्के राखीव आणि त्यात बाईला प्राधान्य असं लिहिलंय कलम ३७ मध्ये. वाटप कुठं चाललंय ते कळलं तर मलाही सांगा :)

वऱ्हाडी_ठेचा

ताई, शिलाई मशीनचं एकदम खरं बोलल्या तुम्ही. आमच्याकडे पण तेच चालू आहे भाऊ.

मी यवतमाळचा. २०१७ ची फवारणी आठवत असनच सगळ्यांले. वीसच्या वर लोकं गेले, शेकडो दवाखान्यात, कित्येकांले महिनाभर डोळ्यानं नीट दिसत नव्हतं. कपाशी डोक्याच्या वर गेलेली, त्यात घुसून फवारा मारायचा म्हणजे औषध अंगावरच पडते. वरून दोनतीन औषधं एकात मिसळून मारत होते. आता दाजींचा विषय फवारणीचा निघाला म्हणून सांगतो. १६ लिटरचा पंप भरला की वीस किलोच्या आसपास जाते, तो एका हातानं पाठीवर घ्यायचा म्हणजे तोल जातोच, अन् तोल गेला की झाकणातून औषध पाठीवर. एकट्यानं पाठीवर पंप घेऊ नये म्हणा. ट्रॅक्टरचा बूम भाड्यानं मिळते, नाहीतर बांधावर टाकी ठेवून लांब पाइप. वाऱ्याकडे पाठ. डब्यावरचा लाल त्रिकोण (म्हणजे सगळ्यात जहरी) दिसला तर दुसरं औषध मागा दुकानदाराले. अन् डबा दातानं उघडू नका, एका हाताचा माणूस हमखास तेच करते. आमच्या काकानं केलं होतं.

मांजराकाठ

दातानं झाकण. बाप रे. हे कुणाच्या डोक्यात आलं नसतं.

बरं एक मुद्दा राहतोय. घास घालणारा माणूस बहुतेक वेळा मजूर असतो. त्याचा सातबारा नाही म्हणजे सानुग्रह अनुदान नाही. मग त्याचं काय? १९२३ च्या भरपाई कायद्यात ट्रॅक्टर किंवा पावरवर चालणाऱ्या यंत्रानं शेतीकाम करणारे मजूर येतात, आता तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय. म्हणजे हक्क आहे. पण गावात होतं काय, की मशीनवाला दवाखान्याचे थोडे देतो, शेतमालक थोडे देतो, चार लोक बसून "मिटवून" टाकतात आणि पंचनामाच होत नाही. कागद नाही म्हणजे अपघातच झाला नाही. मजुराची बाजू कुणी लावून धरत नाही, मग पुढं दिव्यांग प्रमाणपत्राला गेलं की तिथं विचारतात कधी झालं, कसं झालं.

इंडियानाकर

मूळ गाव बारामती तालुक्यात, सध्या अमेरिकेत इंडियाना राज्यात. इकडे याच विषयावर सरकारी कार्यक्रम आहे, अ‍ॅगरॅबिलिटी नावाचा, १९९० च्या शेती कायद्यातून आला. त्याच्या आधीपासून, १९७९ पासून, परड्यू विद्यापीठात दिव्यांग शेतकऱ्यांसाठी एक केंद्र चालू होतं. शेजारच्या मक्याच्या शेतकऱ्याकडे त्यांचा माणूस आला होता तेव्हा मी बघायला गेलो.

ते अवजार घ्यायला पैसे देत नाहीत, हे आधी सांगतो म्हणजे गैरसमज नको. माणूस येतो आणि शेतकऱ्याबरोबर अख्खा दिवस फिरतो. सकाळी गेट उघडण्यापासून. ट्रॅक्टरवर चढताना कोणता पाय आधी, कोणत्या हातानं धरतो, पाण्याचा कॉक किती उंचीवर आहे, कुठं वाकावं लागतं, सगळं लिहून घेतो. मग एकेका कामाला तीन प्रश्न. हे काम काढूनच टाकता येईल का, अवजार बदलून होईल का, की दुसऱ्या कुणाकडून करून घ्यायचं. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरला शेवटी झालं काय, तर एक जास्तीची पायरी आणि एक धरायचा दांडा. झालं. त्याच्यासाठी विद्यापीठ कशाला लागतं असं वाटेल, पण ते बघणारा डोळा लागतो.

दुसरी गोष्ट ते फार सांगतात, की एक हात गेला की उरलेला हात आणि खांदा दुप्पट कामाला लागतो आणि पुढं तोही जायबंदी होऊ शकतो. दाजींचा डावा हात जपा. आपल्याकडे कृषी विज्ञान केंद्रांनी हे करायला काहीच हरकत नाही, त्यांच्याकडे अवजारांचा माणूस असतोच.

बहिरा_कान

छोटी भर. मला ऐकू कमी येतं. रानात काम करताना ट्रॅक्टरवाला मागून हॉर्न मारतो आणि शिव्या घालतो. आम्ही ठरवलंय, डोक्याला भगवा गमछा असला की ट्रॅक्टरनं समोरून यायचं. मळणीला सुद्धा हाताच्या खुणा ठरवा, मशीनच्या आवाजात ऐकू येणाऱ्यांना तरी कुठं काय ऐकू येतं.

बालाघाटचा_वारा

मंडळी, खूप मिळालं. मी आणि दाजींनी इंडियानाकरांनी सांगितलं तसं सगळ्या कामांची वहीत यादी केली, दाजी सांगत होते मी लिहीत होतो (डाव्या हातानं लिहायला शिकतायत, अजून सही गिचमिड येते). विहिरीच्या मोटारीला मोबाइलवरचा स्टार्टर बसवलाय, लाईट आली की फोन येतो, घरून चालू होते. रात्री विहिरीवर जाणं बंद, अर्थिंग पण नवीन करून घेतलं. दारं धरायचं टाळायला दोन एकर ठिबकवर जातंय. कोळपणी ट्रॅक्टरनं, खुरपणी मजूर लावून, त्याचा खर्च धरलाय. म्हातारे अजून घुम्यासारखे बसतात, पण ठिबकच्या नळ्या अंथरताना खुट्या मारायला आले होते.

ऊस नको असं दाजी स्वतःच म्हणाले. एक एकर तुती लावून रेशीम करायचा विचार आहे. पाला कापायला एका हातानं जमतं का हे कुणी सांगेल का? आकड्यात फांदी धरायची आणि डाव्यानं कात्री, असं डोक्यात आहे.

आणि आण्णा, आमच्या गावातला हडंबावाला पन्हाळ लांब करून घ्यायला तयार झालाय. पण म्हणतो घास हळू जाणार, मग कट्ट्यामागं जास्त द्या. गावातले सहासात जण जास्त द्यायला तयार आहेत.

माणदेशी_बाई

तुतीला फांदीच कापून घालायची, पानं तोडत बसायचं नाही. रॅकमध्ये फांदी तशीच ठेवतात अळ्यांना. रॅक छातीच्या उंचीपर्यंतच करा, वरचे कप्पे नकोत. कात्री झाडाच्या छाटणीची घ्या, स्प्रिंगची, आपोआप उघडते ती.

गॅरेजवाला_आण्णा

@बालाघाटचा_वारा, घास हळू जात नाही हो. पन्हाळीला ड्रमकडं थोडा उतार द्यायचा, पाचेक अंशाचा, काड आपोआप सरकतं. उतार न देता लांब केली तर मात्र तो म्हणतो तसं होणार आणि पंधरा दिवसांत कापून टाकणार. पत्रा आतून गुळगुळीत पाहिजे, वेल्डिंगचे गोळे घासून घ्या, काड तिथंच अडकतं आणि मग माणूस हात घालतो. आणि मशीनवरूनच पीटीओ तोडता येईल असा दोरीचा खटका करतो मी, घास घालणाऱ्याच्या हाताशी. ट्रॅक्टर कोणता आहे त्याच्यावर अवलंबून आहे. मशीनच्या तोंडाची रुंदी, जमिनीपासून उंची आणि ट्रॅक्टरचं मॉडेल कळवा, व्यनि (खाजगी निरोप) करा, फोन नंबर इथं टाकू नका. दसऱ्याच्या आधी पाठवा म्हणजे झालं, नंतर मला पण मान वर करायला वेळ नसतो.

साधा_माणूस

आण्णा, आमच्याही मशीनचं माप पाठवतो. पन्हाळ मोजली, दोन वीत आहे.